किती, केव्हा आणि कोणाला नको

वाचकहो, पावसाळ्यातल्या एखाद्या गुरुवारी आपण छावणीच्या आठवडी बाजारात गेलात, तर भाजीच्या मोठ्या ढिगांपासून थोडे दूर, पोते अंथरून बसलेल्या दोन-तीन वृद्ध स्त्रिया आपल्याला हमखास दिसतील. त्यांच्यापुढे तराजू नसतो. पाथरी, घोळ, तांदुळजा, तरोटा, कुरडू यांच्या ओंजळभर जुड्या असतात आणि भाव जुडीला असतो. गिऱ्हाईक उभे राहिले की त्या भाजी हातात देण्याआधी दोन शब्द सांगतात : तरोट्याचा कोवळा शेंडाच घ्या, निबर झाला की कडू लागतो, घोळ आंबट असते, डाळ घालून करा, पोट नाजूक असेल त्याला कुरडू थोडीच वाढा. हे दोन शब्द भाजीबरोबर फुकट मिळतात. आजचे हे सदर त्या दोन शब्दांविषयी आहे. घरात वनस्पती पुष्कळ येत आहेत, परंतु त्यांच्याबरोबर येणारे ते दोन शब्द मात्र मागे राहू लागले आहेत, आणि त्याची किंमत वयोवृद्धांना मोजावी लागते.

ही किंमत मी आमच्याच घरात पाहिली, म्हणून लिहिण्याचे धाडस करते.

माझे मामा छावणीत राहतात. वय शहात्तर. रक्तदाब जुना, मधुमेह त्याहून जुना, आणि गेल्या काही वर्षांपासून मूत्रपिंडांचे काम मंदावलेले. गोळ्या वेळेवर घेतात, पथ्य सांभाळतात, सकाळी खाम नदीवरच्या लोखंडी पुलापर्यंत फिरून येतात. गेल्या वर्षी त्यांच्या पायातले बळ एकाएकी गेल्यासारखे झाले. पलंगावरून उठताना आधार लागू लागला, छातीत अधूनमधून धडधड होऊ लागली. वयाचा परिणाम म्हणून चार दिवस असेच गेले. पाचव्या दिवशी रक्त तपासले, तर पोटॅशियम ६.२ निघाले. निरोगी माणसाच्या रक्तात ते साधारण ३.५ ते ५ या मर्यादेत असते. त्यापुढे ते वाढत गेले तर हृदयाची लय बिघडते आणि प्रसंगी हृदय थांबतेही. मामांना तातडीने रुग्णालयात दाखल करावे लागले.

डॉक्टरांनी विचारले, “आणखी काही औषध घेता का?” मामा ठामपणे म्हणाले, “नाही.” मामींनीही तेच सांगितले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या कपाटात मला एक मोठी बाटली सापडली. तीवर नोनीच्या रसाचे चित्र होते. ओळखीच्या एका गृहस्थांनी ती आणून दिली होती, गुडघ्यांपासून साखरेपर्यंत सर्वांवर गुणकारी म्हणून. मामा दीड महिना सकाळ-संध्याकाळ अर्धी वाटी रस घेत होते.

“मामा, डॉक्टरांना हे का नाही सांगितले?”

“अगं, ते औषध थोडेच आहे? झाडाच्या फळाचा रस आहे तो.”

मामा खोटे बोलले नव्हते. त्यांच्या मनात औषधाची एक खोली होती आणि झाडपाल्याची दुसरी. डॉक्टरांनी पहिल्या खोलीचे दार ठोठावले होते, दुसऱ्याचे नव्हते. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरांत अशा दोन खोल्या आहेत.

आता या नोनीकडे जरा नीट पाहू. प्रशांत महासागरातील पॉलिनेशियाच्या बेटांवर राहणारे लोक मोठे दर्यावर्दी. सुमारे हजार वर्षांपूर्वी जोडनावांमधून ते हवाई बेटांवर पोहोचले, तेव्हा नव्या भूमीवर संसार मांडण्यासाठी दोन डझनांच्या आसपास वनस्पतींची रोपे आणि कंद त्यांनी बरोबर नेले. त्यांची यादी वाचली की आपल्याच परसात आल्यासारखे वाटते. अळू होते, त्याला ते ‘कालो’ म्हणतात. हळद होती, ती ‘ओलेना’. नारळ ‘निऊ’, ऊस ‘को’. केळी होती. कागदी तुतीच्या सालीपासून ते ‘तापा’ नावाचे कापड कुटून तयार करीत. ‘ती’ या झाडाच्या रुंद पानांत अन्न गुंडाळून तापल्या दगडांच्या खड्ड्यात शिजवीत. नोनी ही त्याच यादीतली.

परंतु नोनीचे तिथले काम काय होते? तिच्या मुळांपासून पिवळा आणि सालीपासून तांबडा रंग काढून कापड रंगवीत. पाने व फळे ठेचून गळवांवर, जखमांवर बांधीत. फळ खात असत ते मुख्यतः दुष्काळात, कारण पिकलेल्या फळाचा दर्प असह्य असतो. रोज सकाळ-संध्याकाळ सर्व व्याधींवर पिण्याचा रस म्हणून तिचा जगभर व्यापार सुरू झाला तो १९९०च्या दशकात. म्हणजे ज्या परंपरेच्या नावाने ती बाटली विकली जाते, त्या परंपरेत वनस्पती होती. ती बाटली आणि तो रोजचा नेम नव्हता.

नोनीचे नातेवाईक आपल्याकडेही आहेत, आणि ते अगदी जवळचे. आपल्याकडचा ‘आल’, ज्याला कित्येक ठिकाणी ‘बारतोंडी’ म्हणतात, तो नोनीच्याच मोरिंडा या प्रजातीतला. आलाच्या मुळांच्या तांबड्या रंगात रंगवलेले जाडेभरडे खारव्याचे कापड एके काळी घरोघर असे. १८६९ साली अलिझरिन हा तांबडा रंग प्रयोगशाळेत तयार होऊ लागला आणि पुढे आलाची रंगशाळा हळूहळू बंद पडली. बरे वाटल्यावर मामांना मी हे सांगितले, तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “म्हणजे आमच्या गावच्या बांधावरचा आलच की हा! त्याच्या फळाकडे आम्ही कधी ढुंकून पाहिले नाही. आणि तेच मी पैसे मोजून पीत होतो.”

वैद्यकशास्त्रात याची नोंद आहे. मूत्रपिंडाच्या जुन्या आजाराच्या एका रुग्णाचे पोटॅशियम नोनीच्या रसामुळे वाढल्याचे अमेरिकेतील डॉक्टरांनी २००० साली प्रसिद्ध केले. त्यांनी रस तपासला, तेव्हा त्यात संत्र्याच्या रसाइतके पोटॅशियम आढळले. ज्याची मूत्रपिंडे उत्तम आहेत त्याला संत्र्याचा रस बाधत नाही; ज्याची दुबळी आहेत त्याच्या शरीरातून जादा पोटॅशियम बाहेर पडत नाही. त्यात रक्तदाबाच्या ज्या गोळ्यांच्या मूळ नावाच्या शेवटी ‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’ येते, त्या गोळ्या पोटॅशियम आणखी वाढवू शकतात. मामांची गोळी त्यातलीच होती. गोळी चुकीची नव्हती, फळ विषारी नव्हते. दोघांची गाठ एका दुबळ्या मूत्रपिंडाशी पडली, एवढेच. हाच नियम नारळपाण्यालाही लागू आहे. एका पेल्यात साधारण पाचशे मिलिग्रॅम पोटॅशियम असते. आजाऱ्याला भेटायला जाताना आपण शहाळे नेतो. मूत्रपिंडाच्या रुग्णाकडे जाताना ते नेऊ नये.

आता कोणी म्हणेल, मग झाडपाला सगळाच टाकून द्यावा काय? मुळीच नाही. माझे म्हणणे नेमके उलट आहे. आपल्या आजी-आजोबांचे वनस्पतीशी नाते केवळ पिण्याचे नव्हते, ते दिवसभराचे होते. मराठवाड्यातल्या जुन्या घराचा एक दिवस आठवून पाहा. पहाटे कडुनिंबाची किंवा बाभळीची काडी दातांत. अंगणात शिंदीच्या पानांची केरसुणी, जिची लक्ष्मीपूजनाला पूजा होई. विहिरीचा दोर अंबाडीच्या वाखाचा, आणि त्याच अंबाडीची आंबट पाने ज्वारीच्या कण्यांबरोबर शिजलेली. कार्य असले की पळसाच्या पानांच्या पत्रावळी आणि द्रोण. धान्याच्या कणगीत कडुनिंबाचा वाळलेला पाला, निर्गुडीचे डहाळे. तरवडाच्या सालीने कमावलेले कातडे मोटेला आणि पायताणाला. न्हाण्याला शिकेकाई आणि रिठा. पोटात जाणारी वनस्पती या साऱ्या पसाऱ्यात एक लहानसा भाग होती, आणि तोही बहुतांशी भाजी म्हणूनच. औषध म्हणून जे घेतले जाई ते थोडे, थोडे दिवस आणि विचारून.

त्यामुळेच प्रत्येक वनस्पतीबरोबर तिची मर्यादा शिकवली जाई. अळूची भाजी चिंच घालून आणि चांगली शिजवूनच करायची, कारण कच्च्या अळूतल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांनी घसा खवखवतो. हवाईचे लोकही कालोचा कंद पूर्ण शिजवल्यावाचून कुटत नाहीत. दोन दूरच्या किनाऱ्यांवर एकच धडा गिरवला गेला. बिब्बा हाताळायचा तो चिमट्याने, उघड्या बोटांनी नव्हे, कारण त्याचे तेल कातडी जाळते. रुईचा चीक डोळ्याजवळ न्यायचा नाही. धोतऱ्याच्या बोंडाला लेकरांनी हात लावायचा नाही. ज्ञानाचा अर्धा भाग ‘काय करावे’ हा होता आणि अर्धा ‘काय करू नये’ हा. पहिला अर्धा आज मोबाइलवर फिरतो, दुसरा कोणी पाठवत नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. जुने ते सगळे इथलेच आणि म्हणून निर्धोक, ही समजूतही खरी नाही. दौलताबादच्या डोंगरउतारांवरचे सीताफळ आपल्याला किती आपले वाटते! पण ते मूळचे अमेरिका खंडातले. जखमेवर चोळायची एकदांडी, जिला कोणी दगडी पाला म्हणतात, तीही तिकडूनच आलेली. आपल्या पूर्वजांनी या पाहुण्यांना पारखून घरात घेतले. परंतु पारखण्यात चूकही होते. सीताफळाच्या बियांची पूड उवांसाठी केसांना लावण्याचा प्रघात खेड्यांत होता. तीच पूड डोळ्यात गेली की बुबुळाला तीव्र दाह होतो, व्रण पडतो. नेत्रतज्ज्ञांकडे असे रुग्ण येतात. म्हणून आजीची आठवण आदराने ऐकावी आणि बियांची पूड मात्र वापरू नये. आदर आणि पारख यांत विरोध नाही.

वृद्धांच्या बाबतीत विशेष जपावे अशा काही गोष्टी क्रमाने सांगते.

निर्गुडीच्या पाल्याचा शेक सांधेदुखीत अनेकांना आराम देतो. परंतु बऱ्याच वर्षांचा मधुमेह असलेल्यांच्या पावलांची संवेदना कमी झालेली असते. पुरचुंडी किती गरम आहे हे त्यांच्या पायाला कळत नाही आणि भाजल्याचे दुसऱ्या दिवशी फोड आल्यावर समजते. ती जखम महिनोन्‌महिने भरत नाही. शेक देण्यापूर्वी पुरचुंडी शुश्रूषा करणाऱ्याने स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहावी. आणि बधिर पावलांना शेक देऊच नये.

डासांसाठी कडुनिंबाच्या पाल्याची धुरी संध्याकाळी पुष्कळ घरांत होते. दमा किंवा फुप्फुसाचा जुना विकार असलेल्या माणसाला तो धूरच दम लावतो. त्या खोलीत मच्छरदाणी बरी. कडुनिंबाचे तेल पोटात घेण्यासाठी नाही. लहान मुलांना तर ते एक थेंबही पाजू नये.

गुळवेलीचा काढा साथीच्या काळात घरोघर उकळला. मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला की वापरलेल्या वेलीची ओळख नीट पटवलेली नव्हती, तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल असू शकते. हा वाद तज्ज्ञांचा आहे. आपल्या उपयोगाचे त्यातून एवढेच, की ओळखीशिवाय वेल तोडू नये, महिनोन्‌महिने काढा घेऊ नये, आणि यकृताचा आजार असलेल्याने वैद्यांना व डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊच नये. कावीळ, गडद लघवी, अन्नावरची वासना उडणे असे काही दिसले तर काढा त्याच दिवशी थांबवून यकृताची तपासणी करावी.

रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफेरिनसारखी गोळी ज्यांना आहे, त्यांनी पालेभाजी सोडण्याची गरज नाही. पण पालेभाज्यांतील ‘के’ जीवनसत्त्व त्या गोळीच्या विरुद्ध काम करते. एक आठवडा रोज तांदुळजा आणि दुसऱ्या आठवड्यात काहीच नाही, असे केले की गोळीचा हिशेब चुकतो. प्रमाण दर आठवड्याला सारखे ठेवावे. हळद भाजीत घालावी तेवढी ठीक. तिच्या अर्काच्या कॅप्सूल ही वेगळी वस्तू आहे, ती या रुग्णांनी मनाने घेऊ नये.

ज्यांना मुतखड्याचा त्रास आहे त्यांनी अळू आणि पालक यांचा अतिरेक टाळावा. आणि कोणतीही शस्त्रक्रिया ठरली असेल तर दोन आठवडे आधी घरातला प्रत्येक काढा, रस, चूर्ण यांची यादी भूल देणाऱ्या डॉक्टरांपुढे ठेवावी.

शुश्रूषा करणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. “तुम्ही काय गुपचूप पिता?” असे विचारू नका. त्या प्रश्नाने बाटली कपाटाच्या आणखी आतल्या कप्प्यात जाते. मी स्वतः ती चूक केली. रुग्णालयातून परतल्यावर मामांना मी बरेच काही बोलले, आणि ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी वही घेऊन त्यांच्याजवळ बसले आणि म्हटले, “मामा, तुमच्या लहानपणी गावात कोणकोणता झाडपाला वापरीत, ते सांगा. मला लिहून घ्यायचे आहे.” पुढचे दोन तास ते बोलत होते. मुरगळलेल्या पायाला काय बांधीत, बाळंतिणीला काय देत, कोणत्या भाजीला आषाढात हात लावीत नसत. बोलता बोलता त्यांनी आपणहून सांगितले की नोनीखेरीज एक चूर्णही ते रात्री घेत होते. रागावून जे निघाले नसते ते आदराने निघाले.

ती वही आता वाढली आहे. तिच्या प्रत्येक पानावर आम्ही रकाने आखले आहेत : झाडाचे नाव, कोणता भाग, कशासाठी, किती, केव्हा, आणि कोणाला नको. शेवटचा रकाना कोरा राहिला तर ते झाड आमच्या घरात फक्त आठवण म्हणून राहते, वापरात येत नाही. त्याच वहीच्या मागच्या बाजूला मामांच्या गोळ्यांची यादी आहे. डॉक्टरांकडे जाताना वही एकच जाते. दोन खोल्यांच्या मधली भिंत आम्ही अशी पाडली.

झाडाची ओळख पटत नसेल तर अंदाजावर जाऊ नये. आपल्या शहरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा वनस्पतिशास्त्र विभाग आहे. इथल्याच भूमीतील वनस्पतींची शास्त्रशुद्ध नोंद करणारा डॉ. व्ही. एन. नाईक यांचा ‘फ्लोरा ऑफ मराठवाडा’ हा १९९८ सालचा ग्रंथ अभ्यासकांच्या हाताशी आहे. पान, फूल, फळ यांसह डहाळी दाखवली तर जाणकार नाव सांगू शकतात. एकाच मराठी नावाची तीन झाडे असतात आणि एका झाडाची तीन नावे, हे आल आणि बारतोंडीने आपल्याला दाखवलेच आहे.

आणि वाचकहो, आपण स्वतः वयोवृद्ध असाल, तर आपल्यालाही दोन शब्द. आपल्याजवळ जे आहे ते कोणत्याही बाटलीत मिळत नाही. कोवळा तरोटा कोणता आणि निबर कोणता, हे आपल्या बोटांना कळते. ते नातवंडांना दाखवा. परंतु ज्या काळात आपण हे शिकलात, त्या काळी आपल्या उशाशी गोळ्यांच्या सहा पट्ट्या नव्हत्या. शरीर तेच राहिलेले नाही, म्हणून प्रमाणही तेच राहणार नाही. डॉक्टरांना सांगणे म्हणजे आपल्या परंपरेची तक्रार करणे नव्हे. आजीने घालून दिलेल्या ‘विचारून घे’ या नियमाचेच ते पालन आहे.

गेल्या गुरुवारी मामा माझ्याबरोबर बाजारात आले. काठी टेकीत त्या पोत्यापाशी थांबले. भाजीवाल्या आजींनी विचारले, “बाबा, घोळ देऊ का? ताजी हाय.” मामांनी माझ्याकडे पाहिले, मग त्यांना म्हणाले, “घोळीत क्षार फार, मला चालत नाही. पाथरीही डॉक्टरांना विचारूनच खाईन. या पोरीला दे दोन्ही. पण शिजवायची कशी, ते तिला सांग.”

आजींनी दोन्ही जुड्या माझ्या पिशवीत टाकल्या आणि सांगायला सुरुवात केली. मी वही काढली.